होनाळवाडीची आगीची तालीम

होनाळवाडीत भांड्यांचं दुकान एकच होतं, आणि ते गुरुसिद्धप्पाचं. दुकान म्हणजे त्याच्या घराचीच पुढची ओसरी. भिंतीला लागून घागरी, बिंदग्या, कळश्या एकावर एक रचलेल्या, आणि त्यांच्यामध्ये कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून मांडी घालून बसलेला गुरुसिद्धप्पा. एका हातात बारीक छन्नी, दुसऱ्या हातात हातोडी. विकलेल्या भांड्यावर नाव घालून देणं हे त्याचं सगळ्यात आवडीचं काम. टिकटिक टिकटिक करत टिंबाटिंबानं अक्षर उमटत जाई. मुलीला लग्नात माहेरून मिळालेली घागर सासरच्या पाणवठ्यावर दुसरीच्या घागरीत मिसळू नये, म्हणून त्यावर नाव हवंच. गावातल्या बहुतेक बायकांना वाचता येत नव्हतं, पण नावाच्या टिंबांवरून बोट फिरवलं की आपली घागर कुठली ते त्या डोळे मिटून सांगत.

माणूस मोठा हौशी. गावात लग्न असो की विहिरीचा गाळ काढायचा असो, गुरुसिद्धप्पा आधी जाऊन कोण कुठं उभं राहणार ते ठरवून टाकी. लोक हसत, पण ऐकतही.

त्याची एकुलती एक मुलगी जगदेवी आळंदच्या पलीकडं दिलेली होती. सासर खाऊनपिऊन सुखी. अडचण एकच, तिचा सासरा शरणबसप्पा. सुनेला माहेरी धाडायचा विषय निघाला की त्याला कामं आठवत. आधी पेरणी, मग खुरपणी, मग काढणी, आणि सगळं संपलं की म्हैस व्यायला झालेली असे. पण ह्या माणसाला शोभेच्या दारूचं विलक्षण वेड होतं. होनाळवाडीच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत चैत्रात मोठं दारूकाम होई. आकाशात बाण सुटत, नळे फुटत, दारूचं झाड पेटून त्याला ठिणग्यांची फुलं लागत. ते बघायला शरणबसप्पा दरवर्षी गाडी जुंपून घरादारासकट येई. जगदेवीचं माहेरपण व्हायचं ते तेवढंच.

यंदा तर तिचं बाळंतपण सासरीच झालं होतं. नातू रांगायला लागला म्हणे, आणि आजा-आजीनं अजून त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. लक्ष्मम्मानं, म्हणजे गुरुसिद्धप्पाच्या बायकोनं, जुन्या इरकलीच्या मऊ पदराचं दुपटं शिवून ठेवलं होतं.

आणि नेमकं यंदाच दारूकाम बंद होण्याची वेळ आली.

कारण मागच्या जत्रेत घडलं होतं. एक बाण वाकडा गेला आणि गावाबाहेर रचलेल्या कडब्याच्या गंजीत जाऊन घुसला. पन्नास पावलांवर बारव पाण्यानं भरलेली, गाव जागं, तरी बलभीम पाटलांच्या गंज्या डोळ्यांदेखत जळून गेल्या. वर्षाची वैरण गेली. ते लढाईचे दिवस होते. निजाम सरकारची आधीच दारूगोळ्यावर नजर होती, त्यामुळं जत्रेच्या दारूला पोलीस अमिनाचा परवाना लागे. पाटील आणि गुरुसिद्धप्पा लोहाऱ्याच्या ठाण्यात परवाना मागायला गेले, तेव्हा अमीनसाहेबांनी पानाचा विडा गालात सरकवला आणि म्हणाले, "पाटील, तुमारे गाँव कू आग खेलने का शौक है, बुझाने का नक्को!"

"साहेब, औंदा पाणी तयार ठेवतो की," गुरुसिद्धप्पा म्हणाला.

"पानी तो पिछले साल बी था. बारव सूखी थी क्या?"

अमीनसाहेब हसले. "पहले आग बुझाके दिखाओ, बाद में परवाना लेके जाओ."

"कवा दाखवायचं, साहेब?"

"मैं आऊंगा. कब आऊंगा, मेरी मर्जी."

परत येताना गाडीत पाटील म्हणाले, "सोड गुरुसिद्धप्पा. एक साल दारू न्हाय उडली तर सिद्धेश्वर रुसत न्हाय."

"सिद्धेश्वर न्हाय रुसत, पाटील. शरणबसप्पा रुसतो. दारू न्हाय म्हणल्यावर गाडी जुंपायचा न्हाय तो. माझ्या नातवाला मिश्या फुटल्यावर बघू का त्याला?"

गावात पोचेपर्यंत गुरुसिद्धप्पाचं सगळं ठरलं होतं. मागच्या साली पाणी होतं, माणसं होती, पण जो तो आपली घागर घेऊन बारवेत उतरत होता, भरत होता, चढत होता आणि गंजीकडं पळत होता. पायऱ्यांवर उतरणारा आणि चढणारा एकमेकांना अडवत होते. माणसानं पळायचंच कशाला? बारवेपासून गंजीपर्यंत माणसांची रांग लावायची. माणूस जागेवर, घागर फिरती. हातातून हातात भरली घागर वर जाईल, रिकामी घागर पोरांच्या दुसऱ्या रांगेतून खाली येईल. त्यानं ओसरीवर बिंदग्यांची रांग मांडून पाटलांना दाखवलं. पाटलांना पटलं.

तालमीचा दिवस ठरला. गंज्यांजवळच्या मोकळ्या जागेत पऱ्हाट्यांचा ढीग रचला. गावचा येसकर ज्ञानोबा हलगी घेऊन उभा राहिला. हलगी कडाडली की ढीग पेटवायचा आणि रांग लावायची. पायऱ्या निसरड्या, म्हणून तिथं गडीमाणसं. वर बायका. अगदी शेवटी, आगीजवळ, ज्ञानोबा आणि गावकुसाबाहेरच्या त्याच्या वस्तीतली माणसं. त्यांच्यात आणि गावाच्या रांगेत पाच-सहा पावलांची जागा मोकळी राहिली. ती राहू द्या असं कुणी सांगितलं नव्हतं. तिथं भांडं खाली टेकवायचं आणि पलीकडच्यांनी ते उचलायचं, ही रीत सगळ्यांच्या अंगात मुरलेली होती.

हलगी वाजली. ढीग पेटला. बारवेतून पहिली घागर निघाली आणि झरझर पायऱ्या चढून कडूबाईच्या हातात आली. कडूबाई पाटलांची चुलती, जिभेची तिखट. तिनं घागर धरली, तिचं बोट टिंबांवर गेलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अगं बया, ही तर माझीच!"

"असू दे मामी, फुडं द्या!" गुरुसिद्धप्पा ओरडला.

"फुडं कुणाला देऊ? माझ्या बापानं दिलेली हाय. म्याच नेते." आणि कडूबाई रांग सोडून घागर कडेवर घेऊन थेट आगीकडं चालू लागली.

दुसरी घागर कमलबाईची निघाली, पण आली तिच्या जावेच्या हातात. कमलबाई तिसऱ्या जागेवरून ओरडली, "हळू! काठ चेपला तर तुझी घेईन!" जाऊ म्हणाली, "तुझ्या घागरीला सोनं लागलंय व्हय?" आणि दोघींनी ती दोन बाजूंनी धरली. तोवर खालून चार बिंदग्या आल्या. प्रत्येकीनं आपली ओळखली आणि जी ती आपली घेऊन निघाली. जिची आली नाही, ती शोधायला पायऱ्या उतरली. जी भांडी कशीबशी पुढं पोचली ती मोकळ्या जागेतल्या दगडांवर कलंडली आणि पाणी तिथंच मुरलं. थोड्या वेळात रांग नव्हतीच, पाणवठ्यावरची सकाळ तेवढी होती.

पहिलं पाणी पोचलं तेव्हा ढिगाची राख झाली होती.

"अप्पा," ज्ञानोबा हलगी काखेला मारत म्हणाला, "आग आपली आपणच इझली. वाट बघून कटाळली बिचारी."

सगळं गाव खदखदून हसलं. पाटीलही हसले. गुरुसिद्धप्पा मात्र उतरल्या तोंडानं घरी आला आणि ताटावर बसला. लक्ष्मम्मानं भाकरी वाढली.

"काय झालं एवढं?"

"आपली माणसं आगीत उडी घेतील, पण घागर दुसऱ्याच्या हातात द्यायची न्हाईत."

"नावं कुणी घातली घागरींवर?"

गुरुसिद्धप्पानं घास तसाच धरून तिच्याकडं पाहिलं. "म्या."

"मग?"

"मग काय, खरवडून काढू म्हणतेस?"

"खरवडायला जाल तर बायका तुमालाच बारवेत ढकलतील. म्याबी त्यांच्यातच असंन." तिनं गाडग्यातलं ताक त्याच्या वाटीत ओतलं. "ज्या भांड्याला माहेर न्हाय, असं भांडं आणा."

गुरुसिद्धप्पानं तिच्या हातातल्या गाडग्याकडं पाहिलं आणि भाकरी अर्धी टाकून उठला.

"अहो, जेवा तरी! कुठं निघालात?"

"सिदूकडं!"

सिदू कुंभारानं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. "मडकी देतो अप्पा, पण भांड्याचा दुकानदार माझ्या दारात मडकी मागतोय, हे गावाला सांगायची परवानगी पायजे."

"सांग. हलगी लावून सांग."

सिदूनं आटोपशीर, जाड काठाची मडकी दिली. गुरुसिद्धप्पानं त्यांच्या गळ्याला काथ्याची दोरी बांधली आणि पोटाला तांबडी काव फासली, म्हणजे कुणी चुकून घरी नेऊ नये. पुन्हा तालीम घेतली तेव्हा मडकी खरोखरच सरसर पुढं गेली. कुणाचं बोट कशावरून फिरलं नाही. काठोकाठ भरलं की पाणी डुचमळून निम्मं सांडतं आणि हात भरून येतात, हेही कळलं. मडकं पाऊण भरायचं ठरलं.

पण त्या मोकळ्या जागेत मडकी टेकवताना फुटायला लागली. घागर कलंडते, मडकं सरळ फुटतं. खापऱ्यांचा ढीग झाला. रांग थांबली.

ज्ञानोबा पलीकडून म्हणाला, "अप्पा, आमी सरकू का तुमी सरकता?"

वीरप्पा नावाचे एक म्हातारे शेटजी पुटपुटले, "पाण्याला हात लागंल." गुरुसिद्धप्पा म्हणाला, "हे पाणी प्यायचं न्हाय, देवाला न्यायचं न्हाय. आगीला द्यायचं हाय." तरी पाय कुणाचेच हलेनात. शेवटी कडूबाईच वैतागली. तिच्या पायाशीच एक मडकं फुटून लुगडं भिजलं होतं. ती तरातरा चालत गेली आणि ज्ञानोबाच्या बायकोसमोर जाऊन उभी राहिली.

"घे गं, धर. किती वेळ उभं ठिवता म्हाताऱ्या माणसाला?"

मडकं ह्या हातातून त्या हातात गेलं. मागची रांग पुढं सरकली आणि मोकळी जागा भरली. हे झालं फक्त काव लावलेल्या मडक्यांपुरतं. दुसऱ्या दिवशी पिण्याचं पाणी भरताना बारवेवर जुनी रीत होती तशीच होती, तेही सांगितलं पाहिजे. पण त्या रांगेत मात्र पुन्हा जागा सुटली नाही.

आता सगळे अमीनसाहेबांची वाट बघू लागले. पाटलांचा अंदाज असा की साहेब जत्रेच्या आदल्या दिवशी येतील, पुरणपोळी जेवतील आणि जाता जाता तालीम बघतील. त्या हिशोबानं गुरुसिद्धप्पानं रांगेतली प्रत्येक जागा गडीमाणसांकडून पाठ करून घेतली.

लोहाऱ्याच्या बाजारच्या दिवशी वेस राखणारा ज्ञानोबा सोडला तर गावातला गडी गावात राहत नसे. गुरुसिद्धप्पाही गाडीत भांडी भरून बाजारात बसला होता. दुपारी एक ओळखीचा माणूस घागर वाजवून बघता बघता सहज म्हणाला, "तुमच्या गावाकडं काय भानगड हाय? अमीनसाहेब घोड्यावरून तिकडंच गेले."

गुरुसिद्धप्पानं छन्नी टाकून बाजारभर नजर फिरवली. बाजारात होनाळवाडीची माणसं हाकेच्या अंतरावर दिसत होती. पाटील बैलाचे दात बघत होते, गावातले गडी गुळाच्या ढेपेभोवती जमले होते. म्हणजे पायऱ्यांवर उभी राहायची ती सगळी फळी इथं होती! त्यानं भांडी कशीही गाडीत फेकली, पाटलांना ओढून वर घेतलं आणि बैल पिटाळले. खडखडाट असा की रस्त्यावरची माणसं वरात समजून बाजूला होत होती.

"गुरुसिद्धप्पा, माझी हाडं!" पाटील ओरडले.

"हाडं ऱ्हाऊ द्या पाटील, माझा नातू!"

गावाजवळ आले तेव्हा बारवेच्या बाजूला धूर दिसला. मग पांढरी वाफ दिसली. मग काहीच दिसेना. गाडी थांबायच्या आत गुरुसिद्धप्पानं उडी टाकली आणि तो धावत सुटला.

बारवेच्या काठावर अमीनसाहेब बसले होते. खाकी कोट गुडघ्यापर्यंत ओलाचिंब, बुटांतून पाणी निथळतंय, हातात ताकाचा तांब्या. समोर बायकांचा घोळका पदरानं तोंडं पुसत होता. मागं कडब्याच्या जुन्या पेंढ्यांचा मोठा ढीग अर्धा काळा, अर्धा ओला पडला होता.

"काय झालं?" त्यानं लक्ष्मम्माला विचारलं.

"काय व्हायचं? साहेब आले, हलगी वाजवा म्हणले. ज्ञानोबानं वाजवली. आमी आलो."

"पण पायऱ्यांवर कोण?"

"आमीच. रोज कोण उतरतंय त्या पायऱ्या, तुमी का आमी? तुमी शिकवायच्या आधीपासून पाय बसल्यात आमचे."

"आणि साहेब भिजले कसे?"

ह्यावर बायकांत एकदम हसू फुटलं. अमीनसाहेबांनीच सांगितलं. ते रांगेशेजारी उभं राहून बघत होते. एका जागी माणूस कमी पडलं. कडूबाईनं मडकं पुढं केलं आणि समोर जो उभा होता त्याच्या अंगावर ढकललं. साहेबांनी कडूबाईची नक्कल केली, "'धरा की! बघत काय उभं ऱ्हायलात, पाव्हणे!' नौकरी में पंधरा साल हुए, किसी की हिम्मत नहीं हुई ऐसा बोलने की."

"मला काय ठावं अमीन हायत का कोण," कडूबाई पदर सावरत म्हणाली. "रांगेत उभा तो रांगेतला."

साहेब खो खो हसले. मग उठले आणि पाटलांकडं वळले. परवाना मिळेल. पण जत्रेत दारू उडेल तेवढा वेळ रांग बारवेपासून गंज्यांपर्यंत उभी असली पाहिजे, आणि बारवेत पाण्यालगतच्या पायरीवर जबाबदार माणूस पाहिजे. कोण राहील? सगळ्यांनी गुरुसिद्धप्पाकडं पाहिलं. तो मान हलवून मोकळा झाला. त्याच दिवशी आळंदकडं निरोप गेला: दारूकाम हाय. या.

जत्रेच्या दिवशी तिन्हीसांजेला शरणबसप्पाची गाडी आली तेव्हा गुरुसिद्धप्पा घरी नव्हता. तो बारवेत होता. दिवे लागले, नगारा झाला आणि पहिला बाण सूं करत वर गेला. वर माळावर माणसांचा आनंदाचा कल्लोळ, आणि खाली पायरीवर गुरुसिद्धप्पा पाण्यात पाय सोडून, शेजारी भरलेली मडकी मांडून बसलेला. लेक आली असेल, पोरगं आजीकडं असेल, जागेवरून हलता येत नाही, असं त्याच्या मनात चाललेलं.

"अप्पा."

वरच्या पायरीवर जगदेवी उभी होती. काखेत इरकली दुपट्यात गुंडाळलेलं पोर. रांगेतली माणसं तिला हातानं धरून एकेक पायरी खाली उतरवत होती.

"इथं कशाला आणलंस लेकराला, पाय घसरंल!" म्हणता म्हणता त्यानं दोन्ही हात पुढं केले. पोरानं आजाकडं एकवार पाहिलं आणि त्याच्या मिशीला गच्च धरलं. वर एक नळा फुटला आणि हिरवा-पिवळा उजेड बारवेच्या पाण्यात सांडला. पोर मिशी सोडून पाण्याकडं वाकलं.

तेवढ्यात वरून जड आवाज आला. "बीगरे! ओ बीगरे! सारं गाव वर बघतंय आणि तुम्ही ह्या खड्ड्यात?" कानडी मुलखात व्याह्याला बीगर म्हणतात. शरणबसप्पा धोतर सावरत पायऱ्या उतरत होता. रांग कशासाठी उभी आहे ते त्याला वाटेतच कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं मडकी पाहिली, दोऱ्या पाहिल्या, रांग वरपर्यंत न्याहाळली. आकाशात त्याचं लाडकं दारूचं झाड पेटलं होतं, पण तो बघत होता मडकी.

"आमच्या गावात पण मागं खळं जळालं," तो म्हणाला. "हे आम्हाला शिकवा की बीगरे."

गुरुसिद्धप्पा नातवाला मांडीवर घेऊन जरा विचारात पडला. मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "शिकवायला माझी ना न्हाय. पण माझं दुकान हाय, मला तिकडं यायला जमायचं न्हाय. तुमच्या घरचं कुणीतरी इथं ऱ्हाऊन शिकलं पायजे. समजा, जगदेवी."

"जगदेवी?"

"बायकाच लागतात ह्याला. अमीनसाहेबांना विचारा."

"किती दिवस लागतात शिकायला?"

"महिना."

"महिना? एक मडकं ह्या हातातून त्या हातात द्यायला?"

"बसवजयंती इथंच होईल तिची. घाई केली तर मडकी फुटतात."

शरणबसप्पानं सुनेकडं पाहिलं. ती मान खाली घालून पाण्याकडं बघत होती, पण तिचे खांदे हसण्यानं हलत होते. त्यानं व्याह्याकडं पाहिलं. व्याह्याचा चेहरा अजून तितकाच गंभीर.

"बीगरे," शरणबसप्पा शेवटी म्हणाला, "तुम्ही भांडी विकता तेच बरं. वकिली केली असती तर आमची जमीन गेली असती." आणि त्यानं खांद्यावरचा टॉवेल पायरीवर अंथरला. "सरका जरा. मलाबी एक मडकं द्या हातात. घरी जाऊन काय सांगू लोकांना, नुसतं बघून आलो म्हणून?"

तिसऱ्या दिवशी त्याची गाडी परत गेली. गाडीत जगदेवीच्या जागी काथ्याच्या दोऱ्यांचा भारा होता. जगदेवी वेशीपर्यंत पोचवायला आली होती, पोर तिच्या कडेवर होतं आणि गुरुसिद्धप्पा त्याला हात हलवायला शिकवत होता.